घेटुळकर

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला अळ्यांची नावे शिकवावी लागत नाहीत. हरभऱ्याच्या घाट्यात शिरते ती घाटेअळी, कापसाच्या बोंडात शिरते ती बोंडअळी. सोयाबीनवर पाठीची कमान करत चालते ती उंटअळी आणि मक्यावर फौजेसारखी तुटून पडते ती लष्करी अळी. नावांची एक रीत दिसते. अळी कुठे बसते, काय खाते, कशी चालते, एवढे पाहून नाव ठेवायचे. पण ती जे खाते ते आपले असते. त्यामुळे यातले जवळजवळ प्रत्येक नाव उच्चारताना तक्रारीचा सूर लागतो, आणि नावापाठोपाठ औषधाचे नाव येते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने नांदेड-परभणीपासून विदर्भापर्यंत कापूस पोखरला. त्याच हंगामात किनवट-माहूरच्या पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळीशी आपले नाते काय, हे त्या वर्षाने पुरेसे सांगितले.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहणाऱ्या अरंडा लोकांच्या भाषेत एका अळीचे नाव आहे ‘येपे-अरेन्ये’. नावाची रीत आपल्यासारखीच, खाण्याच्या झाडावरून. ‘येपे’ ही एक जमिनीवर पसरणारी वेल आणि ‘अरेन्ये’ म्हणजे तिथला, तिथे राहणारा. हा ‘अरेन्ये’ केवळ किड्यांसाठी नाही. ॲलिस स्प्रिंग्ज या शहराचे मूळ नाव म्पार्न्त्वे, आणि तिथला माणूस ‘म्पार्न्त्वे-अरेन्ये’. आपण नांदेडकर, उदगीरकर, निलंगेकर म्हणतो ते जसे. तेव्हा ‘येपे-अरेन्ये’चे शब्दशः मराठी करायचे झाले तर ‘येपेकर’ म्हणावे लागेल.

आणि ही येपे वेल आपल्याला अनोळखी नाही. ती आहे घेटुळी.

वनस्पतिशास्त्रात या वंशाचे नाव बोअरहाविया. लायडनचे प्रसिद्ध डच वैद्य हर्मान बोअरहावे यांच्या स्मरणार्थ ते लिनियसने रूढ केले. या वंशातल्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, ऑस्ट्रेलियातल्या आणि आपल्याकडच्या वेलींची विभागणी नेमकी कशी करायची यावर शास्त्रज्ञांचे एकमत व्हायला वेळ लागला. आपली घेटुळी म्हणजे बोअरहाविया डिफ्युजा. आयुर्वेदातली पुनर्नवा, म्हणजे सूज उतरवणारी म्हणून जिची ख्याती आहे ती. लातूर-नांदेडकडे धुऱ्यावर, गावठाणाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, उकिरड्याच्या आसपास ती पसरलेली असते. पाने खालून फिकट, देठ तांबूस, फुले इतकी बारीक की वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. उन्हाळ्यात वरचा भाग जळून जातो, जमिनीत जाड मूळ राहते आणि मृगाच्या पावसानंतर त्याच मुळातून ती पुन्हा फुटते. म्हणून पुनर्नवा. फळे चिकट असतात. धोतराला, शेळीच्या केसांना लागतात आणि तशीच दुसऱ्या शिवारात जातात. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी या चिकटपणावरूनच तिला ‘डांबरवेल’ म्हटले. कोवळ्या पानांची भाजी आपल्याकडे होते. कृषी खात्याच्या रानभाजी महोत्सवांतही अलीकडे पुनर्नवेची जुडी दिसू लागली आहे. अरंडा लोक तिची मुळे भाजून खातात. म्हणजे एकाच वंशाच्या वेलीचा वरचा भाग आपण घेतला, खालचा त्यांनी घेतला. आणि वेलीवर जो राहतो, तोही त्यांनी घेतला.

ही अळी एका मोठ्या पतंगाची. हायलिस लिव्हॉर्निकॉइडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे तिळाच्या पिकात बोटाएवढी जाड, शेपटीवर आकडा असलेली अळी सापडते. पोरे तिला काडीने डिवचतात. तिच्याच गोतातली ही. रंग एकसारखा नसतो. काही हिरव्या, काही पिवळट, काही काळसर, अंगावर ठिपके आणि पट्टे, मागे शिंग. ॲलिस स्प्रिंग्जचा पाऊस वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लातूरच्या सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि तोही ठरल्या वेळी येईल असे नाही. एखादे साल कोरडे जाते, एखाद्या उन्हाळ्यात चार दिवसांत वर्षाचा कोटा पडतो. असा दमदार पाऊस झाला की लाल मातीवर घेटुळीचे गालिचे पसरतात, पतंग येऊन अंडी घालतात आणि थोड्याच आठवड्यांत वेलीवर अळ्याच अळ्या होतात. वेल फस्त झाली की त्या जथ्याने दुसऱ्या वेलीच्या शोधात निघतात. पोट भरलेली अळी शेवटी जमिनीत शिरून कोष करते. तोडणीचा, खरे तर वेचणीचा, काळ एवढाच.

वेचणी बायका-मुले करतात. लाकडाच्या खोलगट काथवटीत अळ्या गोळा होतात. मग डोके मोडायचे आणि बोटांनी दाबून आतला हिरवा चोथा काढून टाकायचा, कारण पोटात न पचलेला पाला भरलेला असतो आणि तो कडवट लागतो. आपल्याकडे मासळी साफ करतात त्यापेक्षा यात वेगळे काही नाही. उरते ती कातडी आणि चरबी-मांस. ते गरम राखेत किंवा तापलेल्या वाळूत भाजायचे. चांगल्या भाजलेल्या अळ्या पुढे काही काळ टिकतात. वाळवंटात ही मोठी गोष्ट आहे, कारण भरपूर मिळण्याचे दिवस थोडे आणि काही न मिळण्याचे पुष्कळ. वाळलेल्या अळीत प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर. दक्षिण आफ्रिकेत मोपाने झाडावरच्या अळ्या वाळवून बाजारात विकतात, त्यांच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली एक अहवाल काढला. त्यात जगातल्या सुमारे दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटक असल्याचा अंदाज आहे आणि खाल्ल्या जाणाऱ्या १,९०० हून अधिक जातींची नोंद आहे. ते आकडे वाचून शहरी लेखक ‘भविष्यातले अन्न’ असे मथळे देतात. ज्यांनी हजारो वर्षे ते खाल्ले त्यांना हा भविष्यकाळ गमतीचा वाटत असणार.

एक घोटाळा इथेच दूर केला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे खाद्य म्हणून पर्यटकांना जी पांढरी गुबगुबीत अळी दाखवतात ती ‘विचेटी’. ती बाभळीच्या वंशातल्या एका झुडपाच्या मुळात राहते, खणून काढावी लागते आणि वर्षभर थोडीथोडी मिळते. येपे-अरेन्ये उघड्यावर, पानांवर राहते आणि पावसाच्या मर्जीने येते. दोन्ही पतंगांच्याच अळ्या, पण कुळे वेगळी, मिळवण्याची तऱ्हाही वेगळी. अरंडा भाषेत यांच्यासाठी स्वतंत्र नावे आहेत. इंग्रजीने सगळ्यांना मिळून ‘ग्रब’ म्हटले आणि प्रश्न मिटवला.

त्यातून एक ऐतिहासिक गफलतही झाली. बाल्डविन स्पेन्सर हे मेलबर्नचे जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि फ्रँक गिलेन हे ॲलिस स्प्रिंग्जच्या तारघराचे प्रमुख. या दोघांनी १८९९ साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या जमातींवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराच्या पूर्वेला डोंगररांगेत एक खिंड आहे, इंग्रजी नाव एमिली गॅप. तिथल्या अळीच्या विधीचे त्यांनी सविस्तर वर्णन केले आणि ती अळी ‘विचेटी’ असल्याचे लिहिले. तिथले लोक जे नाव सांगत होते, उट्नेरंगाचे, ते मात्र ‘उट्नेरंगे’ या वेगळ्या झुडपावरच्या अळीचे. पुन्हा झाडावरूनच नाव. नाव नीट ऐकले असते तर झाडही सापडले असते. ग्रंथ युरोपात गाजला. एमिल द्युर्केमने १९१२ च्या आपल्या धर्मविषयक पुस्तकात याच अरंडा सामग्रीवर मोठी इमारत उभी केली. समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ती आपल्याकडच्या महाविद्यालयांतही पोहोचली. ‘टोटेम’ शिकलेल्या कितीतरी मराठी विद्यार्थ्यांनी या अळीचे नाव चुकीच्या रूपात का होईना लिहिलेले आहे.

टोटेम म्हटले की मराठी वाचकाला देवक आठवते. कळंब, उंबर, आपटा, मोरपीस. लग्नात देवक बसवायचे, आणि ज्याचे जे देवक त्याने त्याला इजा करायची नाही. साम्य आहे, म्हणून एंथोव्हेनपासून अनेकांनी ही तुलना केली. पण एमिली गॅपचा विधी आपल्या देवकाच्या कल्पनेला एक वेगळेच वळण देतो. ज्यांचे देवक अळी, त्यांनी ती वाढावी म्हणून विधी करायचा. झाडाच्या फांद्यांचा लांबट अरुंद मांडव घालायचा. हा मांडव म्हणजे कोष. आत बसून अळीची गाणी गायची आणि मग कोषातून किडा बाहेर पडतो तसे सरपटत बाहेर यायचे. अळ्या आल्या की त्या गटाच्या लोकांनी मात्र अगदी थोड्या खायच्या. भरपूर खायचे ते इतरांनी. म्हणजे प्रत्येक गट दुसऱ्यांच्या ताटाची काळजी वाहतो, आणि त्याच्या ताटाची काळजी दुसरे कोणी वाहत असते. द्युर्केमला यात समाजाने स्वतःचीच पूजा केलेली दिसली. मला त्यात आधी सामायिक कोठार दिसते. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात, अमक्या अन्नाचे राखणदार अमके, अशी वाटणी शहाणपणाची आहे. दुष्काळी भागातल्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको.

अरंडा लोकांच्या समजुतीनुसार ॲलिस स्प्रिंग्जभोवतीचे डोंगर अळ्यांनी घडवले. येपेरेन्ये, न्च्याल्के आणि उट्नेरंगाचे या तीन पूर्वज-अळ्या त्या खिंडीतून निघाल्या. त्यांची लांबलचक शरीरे म्हणजे या टेकड्यांच्या रांगा. खिंडीच्या खडकावर पांढऱ्या आणि गेरूच्या तांबड्या रंगाचे उभे पट्टे रंगवलेले आहेत, ते अळीच्या अंगावरचे. पुढे ढेकण्या किड्याच्या फौजेने अळ्यांवर हल्ला करून त्यांचा नाश केला, असे कथा सांगते. शेतकऱ्याला यात चमत्कार वाटणार नाही. ढेकण्यांच्या काही जाती अळीच्या अंगात सोंड खुपसून तिचा रस शोषतात, हे मित्रकीटकांच्या तक्त्यात छापलेलेच असते.

१९८३ मध्ये शहरात एक रस्ता काढताना यांतल्या न्च्याल्के अळीच्या शेपटीची टेकडी बुलडोझरने कापली गेली. ती वाचवण्याचे बोलणे झालेले होते. त्या रस्त्याचे कागदोपत्री नाव बॅरेट ड्राइव्ह. लोक त्याला ‘मोडल्या शब्दाचा रस्ता’ म्हणू लागले. त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक गोष्ट घडली. आदिवासी वडीलधाऱ्यांनी १९७८ साली आपल्या मुलांसाठी एक शाळा काढली होती. तिथे इंग्रजीबरोबर अरंडा आणि शेजारच्या भाषाही शिकवायच्या होत्या. सरकारी नोंदणीसाठी शाळेला वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि १९८३ मध्ये ती मिळाली. शाळेचे नाव यिपिरिन्या. वेगळ्या स्पेलिंगमधली तीच घेटुळीवरची अळी. अळीच्या नावाची शाळा आपल्याकडे कोणी काढेल असे वाटत नाही. पण ज्या डोंगरात मुले राहतात तो डोंगरच अळी असेल, तर दुसरे कोणते नाव देणार? २००० साली न्यायालयाने या शहर-परिसरातल्या जमिनींवर अरंडा लोकांचे पारंपरिक हक्क काही प्रमाणात मान्य केले. आपण या भूमीचे आहोत हे सिद्ध करायला ज्या गोष्टी सांगाव्या लागतात, त्यांत ही नावे आणि स्थळकथा येतातच. मार्गारेट केमारे टर्नर या अरंडा विदुषीने १९९४ साली आपल्या लोकांच्या रानातल्या अन्नावर पुस्तक केले. त्याच वर्षी अरंडा-इंग्रजी कोशही निघाला. कोशात पाहिले तर अन्न, झाड, किडा आणि जागा हे शब्द एकमेकांत गुंतलेले सापडतात. एक उपटला की बाकीचे हलतात.

आता घेटुळीवरच एक संकट आले आहे, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. अंजन गवत. मराठवाड्यात बांधावर, पडीक जमिनीवर चारा म्हणून लावायला कृषी खाते ज्याची शिफारस करते तेच. आफ्रिका आणि आशियाचे हे गवत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात पोहोचले. अफगाण, बलुच, पंजाबी उंटवाल्यांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून ते आले, असे सांगतात. पुढे गोऱ्या पशुपालकांनी ते मुद्दाम पेरले. १९५८ ते १९६५ चा दीर्घ दुष्काळ पडला, ॲलिस स्प्रिंग्जवर धुळीची वादळे उठू लागली, तेव्हा धूळ बसवण्यासाठीही ते लावले गेले. धूळ बसली. पण गवत पसरले ते थांबेना. नदीपात्रे, खिंडी, सपाट माळ त्याने व्यापले. त्याच्या दाट ठोंबांत घेटुळीसारख्या बुटक्या वेलींना जागा उरत नाही, आणि वाळल्यावर ते इतके धडधडून पेटते की जुनी झाडेही जळतात. वेल नाही तर अळी नाही. आपल्याकडे गुरे, माणूस आणि इतर गवते मिळून अंजनाला ताब्यात ठेवतात. तिकडे त्याला आवर घालणारे कोणी नव्हते.

हे सगळे वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक शब्द घोळत असणार, ‘किळस’. तो बाजूला ठेवून पुढे जाणे खोटेपणाचे होईल. किळस ही जिभेची गोष्ट आपण समजतो, पण ती बरीचशी शिकवणुकीची असते, आणि आपल्या समाजात ती शिकवणूक जातीतून येते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाचे आहे. रक्ती, चान्या, आतड्या-वजडीपासूनचे जे पदार्थ पाकशास्त्राच्या पुस्तकांनी कधी मोजलेच नाहीत, ते त्यांनी कृतींसह मांडले. त्यांचा मुद्दा एवढाच नाही की हेही अन्न आहे. कोणाचे अन्न ‘अन्न’ म्हणून लिहिले जाते, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. गडचिरोलीतले माडिया लाल मुंग्यांची आंबट चटणी वाटतात. आपल्याच राज्यात हे घडते, पण वर्तमानपत्रात ते ‘अजब’ या सदरात येते. ओडिशातल्या सिमिलिपालच्या तशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मात्र तिच्या जीवनसत्त्वांच्या बातम्या आल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने अमेरिकेतून आलेला मिलो खाल्ला, रोजगार हमीच्या कामांवर सुकडी खाल्ली, रानातला तरोटा खुडून खाल्ला. त्यातले काय आठवणीने सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे घराघरांत ठरून गेलेले आहे.

अळीशी आपला संबंध फक्त फवारणीचा आहे, असेही नाही. कीर्तनात अळी येते ती कीटक-भृंग न्यायाने. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि ध्यास घेऊन अळीच माशी होते, असा तो दृष्टान्त. वास्तवात माशी अळीला डंख मारून बधिर करते आणि तिच्यावर अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीवर वाढते. म्हणजे मोक्षाच्या दृष्टान्ताच्या मुळाशी शिदोरीची गोष्ट आहे. आणि दुसरा संबंध रेशमाचा. बीड-जालन्यापासून नांदेड-लातूरपर्यंत तुतीचे मळे वाढले आहेत. २०१८ साली जालन्याला कोषबाजार सुरू झाला आणि कर्नाटकात रामनगरला कोष घेऊन जाण्याची सक्ती संपली. इथला शेतकरी अळीच्या कातींचे दिवस मोजतो, तिला ऊन-वारा लागू नये म्हणून शेडला पडदे लावतो. त्याच्या तोंडी अळी हा शब्द तक्रारीचा राहिलेला नाही. कोष उकळत्या पाण्यात घालतात, आतला जीव मरतो, धागा निघतो आणि त्याचे वस्त्र सोवळ्याचे ठरते. उरलेला कोषातला किडा कोरियात शिजवून रस्त्यावर विकतात, आसामात एरीचा किडा आवडीने खातात. आपल्याकडे तो कोंबड्यांच्या किंवा माशांच्या खाद्यात जातो. सोवळे आणि किळस एकाच कोषातून काढण्याची ही किमया आपलीच.

म्हणून उद्यापासून अळ्या खा, असे सांगायचे नाही. ज्या शिवारात हंगामात चार-पाच फवारण्या होतात तिथली अळी खाणे धोक्याचेच. सांगायचे आहे ते घेटुळीबद्दल. तिच्यावर आपल्याकडेही अळी असते. हिपोशन बोअरहाविई हा पतंग भारतापासून पूर्वेकडच्या बेटांपर्यंत सापडतो. फॅब्रिशियसने १७७५ साली त्याचे वर्णन केले आणि नाव दिले ते घेटुळीच्या वंशावरून. अरंडा लोकांनी शोधलेली रीत एका डेन्मार्कच्या शास्त्रज्ञालाही सुचली. शेपटीवर शिंग, बाजूला डोळ्यासारखे ठिपके, पावसाळ्यात धुऱ्यावरच्या घेटुळीच्या पानांखाली. हाही घेटुळकरच. त्याने कोणाचे पीक खाल्ले नाही, त्यामुळे कृषी खात्याच्या पुस्तिकेत त्याला जागा नाही.

लातूर जिल्ह्यात आता खरीप म्हणजे बहुतांशी सोयाबीन. पेरणीनंतर तणनाशक मारताना पंप बांधावरूनही फिरतो, कारण बांध स्वच्छ दिसला पाहिजे. घोळ, पाथरी, कुर्डू, तांदुळजा, घेटुळी त्यात जातात. खुरपणीला येणाऱ्या बायका कामावरून परतताना याच भाज्या ओच्यात घालून न्यायच्या. तणनाशकाने खुरपणी गेली, मजुरी गेली, आणि भाजी ओळखण्याची सवयही गेली. घेटुळीचे मूळ खोल असते. एक-दोन फवारण्यांनी ते मरत नाही, पुढच्या मृगात पुन्हा कोंब येतो. कोंब पाहून तो घेटुळीचा आहे हे सांगणारी साठीच्या पुढची बाई अजून बहुतेक गावांत आहे.